फौजेतली सात वर्षे आणि न मोजलेली आठ : कुर्ल्यातल्या एका रिझर्व्हिस्टचे पेन्शन प्रकरण

आजोबा, घरच्यांचे आबा, मूळचे सातारा जिल्ह्यातले. पन्नास वर्षांहून जास्त काळ मुंबईत आहेत. सध्या कुर्ल्याला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका चाळीत, बायको, मुलगा, सून आणि नातीबरोबर राहतात. ओळख पटू नये म्हणून त्यांची रेजिमेंट आणि गाव इथे लिहिलेले नाही, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. सालांचा हिशेब मात्र तसाच ठेवला आहे, कारण हे प्रकरण त्या हिशेबावरच उभे राहिले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्यात मोठी भरती निघाली. १९६३ च्या सुरुवातीला, अठराव्या वर्षी, ते पायदळात शिपाई म्हणून लागले. १९६५ च्या लढाईत ते पश्चिम आघाडीवर होते. १९७० मध्ये घरी आले आणि त्याच वर्षी मुंबईत येऊन चुनाभट्टीच्या बाजूच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटले. १९७१ च्या पावसाळ्यानंतर गावी तार आली, ती भावाने मुंबईला पोचवली, आणि खात्यातले काम टाकून ते पुन्हा पलटणीत हजर झाले. परतले १९७३ मध्ये. गिरणीने ठेवून घेतले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. नंतरची सगळी वर्षे वॉचमनकीत गेली, सत्तरी उलटल्यावर गुडघ्यांनी तेही बंद केले.

लोकांनी विचारले की ते सांगत, ‘सात वरसं फौजेत व्हतो.’ शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षे नोकरी लागते हे सगळ्यांना माहीत असते. त्यामुळे ‘सात’ ऐकले की समोरचा माणूस पुढचे ऐकतच नसे. चाळीस वर्षे त्यांना एकच उत्तर मिळत गेले, आणि ते देणाऱ्यांत शिकलेली, सरकारी नोकरीतली माणसेही होती. माझे म्हणणे पहिल्यापासून एवढेच आहे की हे उत्तर चुकीच्या प्रश्नाला दिलेले होते. आबांची नोकरी सात वर्षांची नव्हतीच. ती पंधरा वर्षांची होती. त्यातली सात वर्षे त्यांनी वर्दीत काढली आणि आठ वर्षे सरकारने बोलावले की हजर व्हायच्या बोलीवर, म्हणजे रिझर्व्हवर. त्या आठ वर्षांत सरकारने बोलावलेही, आणि ते गेलेही.

घरच्यांनी आणलेली फाईल

२०२१ मध्ये नात माझ्याकडे फाईल घेऊन आली तेव्हा आबा शहात्तर वर्षांचे होते. फाईल जाड होती. पंतप्रधान कार्यालयाला पाठवलेली पत्रे, मंत्रालयातले अर्ज, एका आमदारांचे शिफारसपत्र, एका एजंटाने टाईप करून दिलेला चार पानी मजकूर. या एजंटाने थकबाकीतला तिसरा हिस्सा मागितला होता. सगळ्या अर्जांत लढाईचे वर्णन होते. किती थंडी होती, कोण शेजारी पडला, पाणी कसे मिळत नव्हते. ते सगळे खरे असणार, आणि ते वाचताना मला गलबलून आले. पण पेन्शनचा कारकून ते वाचून काहीही करू शकत नाही. लढाईत होता म्हणून पेन्शन मिळते असा नियम नाही. पेन्शन मिळते ती नोकरीच्या कालावधीवर, किंवा नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वावर.

एकाही अर्जात ‘रिझर्व्ह’ हा शब्द नव्हता. उत्तर मात्र दर वेळी साच्यातले होते: अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी मोजली जाणारी नोकरी) पंधरा वर्षांपेक्षा कमी, सबब पेन्शन अनुज्ञेय नाही.

मी आबांना विचारले, १९७१ ला तार का आली? तुम्ही तर १९७० लाच सुटला होता ना?

‘सुटलो न्हवतो ताई. रिझर्व्हात व्हतो. दोन-तीन वर्सांनी ट्रेनिंगला जायाचो सेंटरला. रेल्वेचं वारंट यायचं. वर्साला थोडं पैसं बी यायचं.’

चाळीस वर्षांत कुणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता, आणि हे सांगण्यासारखे आहे असे त्यांनाही वाटले नव्हते. त्यांच्या लेखी फौज म्हणजे पलटण. गिरणीत कापूस ओढतानाची वर्षेही सरकारच्या हिशेबात नोकरीची होती, हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता.

रिझर्व्हचा नियम

त्या काळात शिपाई भरती होताना दोन भागांच्या करारावर सही करत असे. पहिला भाग कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीत. दुसरा रिझर्व्ह, म्हणजे घरी राहायचे, आपला कामधंदा करायचा, ठरल्या वेळी ट्रेनिंगला जायचे आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. रिझर्व्हवरच्या माणसाला १८८८ चा भारतीय राखीव सैन्य कायदा लागू असे. बोलावल्यावर न जाणे हा गुन्हा होता. आबांचा करार सात अधिक आठचा होता. हवाई दलात आणि नौदलात हीच पद्धत वेगळ्या वर्षांनी चाले. पुढे सत्तरच्या दशकात ती मागे पडत गेली आणि पंधरा वर्षे सलग कलर सर्व्हिस हीच रीत झाली. म्हणून आजच्या पिढीतल्या जवानाला किंवा कारकुनाला रिझर्व्हिस्ट पेन्शन हे नाव ऐकूनही माहीत नसते.

पण नियम आहे. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला १५५ वा. कलर आणि रिझर्व्ह मिळून पंधरा वर्षांहून कमी नाही इतकी अर्हताकारी सेवा ज्याने ठरल्याप्रमाणे पुरी केली, आणि ज्याला दुसरी सेवा पेन्शन नाही, त्याला रिझर्व्हिस्ट पेन्शन देता येते. दर शिपायाच्या सर्वांत कमी पेन्शनच्या दोन तृतीयांश, आणि त्याखाली एक किमान रक्कम. कलर सर्व्हिस किती होती याला इथे महत्त्व नाही. पेन्शनऐवजी एकरकमी ग्रॅच्युइटी घ्यायची मुभाही आहे. मात्र त्यासाठी माणसाने स्वतः पर्याय द्यावा लागतो, दिलेला पर्याय अंतिम असतो, आणि पर्याय दिल्याशिवाय पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी काहीच अदा करायचे नाही असे त्याच नियमाखालच्या टिपेत लिहिले आहे. ही टीप लक्षात ठेवावी. पुढे सगळे तिच्यावर फिरले.

म्हणजे आम्हाला तीन गोष्टी दाखवायच्या होत्या. माणूस तोच आहे. त्याने पंधरा वर्षे पुरी केली. आणि त्याने ग्रॅच्युइटी घेतलेली नाही.

चिकटलेले पान

आबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, लोखंडी ट्रंकेत होते. २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात पाणी भरले तेव्हा ट्रंक दीड दिवस पाण्याखाली होती. बुक वाळवले गेले पण उघडून नाही, त्यामुळे मधली पाने एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली होती. पहिले पान वाचता येत होते: आर्मी नंबर, नाव, भरतीची तारीख, ओळखीच्या खुणा. आजवर ज्यांनी ज्यांनी हे बुक पाहिले त्यांनी पहिल्या पानावरून पुढे जायचा खटाटोप केला नाही.

गिरगावात जुन्या वह्यांची बांधणी करणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे ते दिले. पाने ओढायची नाहीत, पाणी लावायचे नाही, एवढे त्याला सांगायची गरजच पडली नाही. त्याने बुक शोषकागदात दाबून ठेवले, मग हाडाच्या पातळ पट्टीने कडेपासून सुरुवात केली. एक कोपरा सुटला की थांबायचे, दुसऱ्या बाजूने यायचे. दोन पाने अर्धवट फाटली. पण मधल्या पानावरची निळ्या शाईतली ओळ पसरलेली असूनही वाचता आली. १९७० मधल्या तारखेला रिझर्व्हकडे बदली, खाली रबरी शिक्क्याचा अर्धा गोल, त्याखाली वर्तणुकीचा शेरा: व्हेरी गुड. त्यापुढच्या पानावर, १९७१ च्या बोलावण्याची नोंद जिथे असायला हवी होती तिथे, शाई पूर्ण धुऊन गेली होती.

तो पुरावा दुसरीकडून आला. गावच्या घरात पुतण्याला देव्हाऱ्यामागे एक पाकीट सापडले. १९७५ मध्ये ट्रेनिंगला हजर होण्यासाठी पाठवलेले पत्र, आबांचा आर्मी नंबर टाकलेले, सोबत रेल्वे वॉरंटचा फाटका अर्धा. म्हणजे १९७५ पर्यंत सरकार त्यांना रिझर्व्हवरच धरत होते.

आणि पदके. घरच्यांना वाटत होते की पदकांवरून पेन्शन मिळेल. तसे होत नाही, पण त्यांचा दुसरा उपयोग झाला. १९७१ साठी दिलेल्या संग्राम मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेले असते. आबांच्या मेडलवरचा नंबर डिस्चार्ज बुकातल्या नंबराशी जुळला. हा जुळणारा नंबर फार मोलाचा ठरला, कारण नाव जुळत नव्हते. भरतीच्या कारकुनाने घरात हाक मारायचे छोटे नाव आणि वडिलांचे नाव लिहिले, आडनाव गाळले. आधार कार्डावर पूर्ण नाव आणि आडनाव. जन्मतारखेतही काही महिन्यांचा फरक.

त्यावर प्रतिज्ञापत्र केले. ओळखीच्या खुणांत ‘डाव्या भुवईवर व्रण’ असे लिहिलेले होते. नोटरीने चष्मा पुसला, आबांना खिडकीपाशी घेऊन गेला आणि त्यांची भुवई बोटाने वर ओढून पाहिली. व्रण होता, सुरकुतीत दडलेला. लहानपणी बैलाचे शिंग लागले होते. नोटरीने ते प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या शब्दांत घातले आणि जवळून घेतलेला फोटो जोडायला सांगितला. फार चांगले सुचवले त्याने.

लाँग रोल

ज्यांच्या घरी अशी प्रकरणे पडून आहेत त्यांनी हा भाग नीट वाचावा.

सैनिकाचे कागद दिल्लीत नसतात आणि मंत्रालयातही नसतात. ते त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. नौदलाच्या खलाशांचे तर मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पला. अर्ज तिथे जायला हवा, आणि त्यावर आर्मी नंबर ठळक हवा.

आबांच्या रेकॉर्ड ऑफिसचे पहिले उत्तर असे आले की पेन्शन न मिळालेल्या माणसाची सेवा कागदपत्रे नियमानुसार पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात, तशी ती केलेली आहेत, म्हणून मागणीवर विचार करता येत नाही. या उत्तराने कित्येक घरांत फाईल कायमची बंद होते. उत्तराचा पहिला भाग खरा आहे, नियम तसाच आहे. पण शीट रोल आणि बाकीचे कागद नष्ट झाले तरी लाँग रोल ठेवलेला असतो. लाँग रोल म्हणजे मोठे नोंदवहीसारखे रजिस्टर. प्रत्येक नंबरापुढे एक ओळ: भरती कधी, कुठे, रिझर्व्हकडे कधी, डिस्चार्ज कधी आणि कोणत्या कारणाने. पेन्शन मागताना हे रजिस्टर उघडायला कुणी सांगितले नाही तर ते कुणी आपणहून उघडतेच असे नाही.

म्हणून माहिती अधिकारात वेगळा अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. ‘पेन्शन का नाही’ असे विचारले नाही. अमुक नंबरापुढच्या लाँग रोलमधल्या नोंदीची साक्षांकित प्रत द्या, आणि त्या नंबराला रिझर्व्हिस्ट ग्रॅच्युइटी अदा केल्याची कोणतीही नोंद असेल तर तिची प्रत द्या, एवढेच मागितले. तीस दिवसांत उत्तर आले नाही. पहिले अपील केल्यावर आले.

नोंद एका ओळीची होती. भरती १९६३. रिझर्व्हकडे १९७०. रिझर्व्हमधून डिस्चार्ज १९७८, कारण: कराराची मुदत पूर्ण. ग्रॅच्युइटीबाबत: नोंद उपलब्ध नाही.

नात मोबाईलवर तो कागद वाचत होती. ‘आबा, पंधरा वर्षं झालीयत तुमची,’ ती म्हणाली. आबांनी तिला तारीख पुन्हा वाचायला लावली. १९७८ चा डिस्चार्ज त्यांना कधी कळलाच नव्हता. तो कागद, आणि पर्याय विचारणारे पत्र पाठवले गेलेच असेल तर तेही, गावच्या पत्त्यावर गेले असणार. तोवर भाऊ वारला होता आणि घराला कुलूप होते.

१९७० चे पैसे

लाँग रोल हातात आल्यावर रीतसर निवेदन पाठवले. नकार आला, पण या वेळी कारण बदलले होते. आता कालावधीचा मुद्दा नव्हता. आता म्हणणे असे, की अर्जदाराने पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी घेतली असावी, आणि पंधरा वर्षांत बिनपगारी गैरहजेरीसारखा अर्हतेत न धरायचा काळही असू शकतो.

‘असावी’ आणि ‘असू शकतो’. एका म्हाताऱ्या माणसाचा हक्क या दोन क्रियापदांवर अडवला गेला. याचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

तरी उत्तर शांतपणे द्यायचे होते, आणि त्याआधी आबांना खोदून विचारायचे होते. १९७० ला सेंटरवरून निघताना पैसे मिळाले होते का? मिळाले होते. त्यातून त्यांनी बहिणीचे लग्न केले आणि एक म्हैस घेतली. घरच्यांचा जीव खालीवर झाला. मुलगा म्हणाला, हे लिहायलाच नको, कुणाला कळणार आहे?

आम्ही ते प्रतिज्ञापत्रात लिहिले. एक तर ते खरे होते. दुसरे, ते आबांच्या बाजूचेच होते. पर्याय देण्याची वेळ येते ती कलर आणि रिझर्व्ह दोन्ही पुरी झाल्यावर, म्हणजे १९७८ मध्ये. १९७० मध्ये आबा फौजेतून सुटलेलेच नव्हते, फक्त रिझर्व्हवर गेले होते. त्या वेळी हातात पडलेली रक्कम रिझर्व्हिस्ट पेन्शनऐवजीची ग्रॅच्युइटी असूच शकत नाही. ती प्रॉव्हिडंट फंडाची आणि शिल्लक पगाराची होती, आणि आबाही तिला ‘फंडाचं पैसं’ असेच म्हणत आले आहेत. ते वाक्य लपवले असते आणि पुढे दुसरीकडून निघाले असते, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

गैरहजेरीच्या मुद्द्याला लाँग रोलच पुरेसा होता. डिस्चार्जचे कारण ‘कराराची मुदत पूर्ण’ असे त्यांच्याच रजिस्टरात आहे. वर्तणूक ‘व्हेरी गुड’ असे त्यांच्याच बुकात आहे. वजावट असल्याचा एकही कागद त्यांच्याकडे नाही.

न्यायाधिकरण

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. सैनिकाच्या पेन्शनचा वाद तिथे कलम १४ खाली मूळ अर्ज करून नेता येतो. एरवी अंतिम नकारानंतर सहा महिन्यांची मुदत असते. आबांचा हक्क १९७८ चा, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडला. पेन्शन न मिळणे हा एकदा होऊन संपणारा अन्याय नाही, तो दर महिन्याला नव्याने होतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. त्यामुळे उशीर झाला म्हणून दारच बंद होत नाही.

मूळ अर्ज २०२२ मध्ये दाखल झाला. वकिलांनी युक्तिवाद दोनच गोष्टींवर ठेवला. कागद खात्याने स्वतःच्या नियमाने नष्ट केले. तो खात्याचा अधिकार मानला, तरी नष्ट केलेल्या कागदांतून काय निघाले असते याचा अंदाज बांधून तो अर्जदाराच्या विरुद्ध वापरता येणार नाही. पैसे दिले असे जो म्हणतो त्याने दिल्याचे दाखवावे. आणि दुसरे, १५५ खालची ती टीप. पर्याय घेतल्याशिवाय काहीच अदा करायचे नाही असा नियम असेल, तर ग्रॅच्युइटी दिली म्हणणाऱ्याकडे सही किंवा अंगठा असलेला पर्यायाचा कागद, निदान त्याची नोंद, हवी. ती नाही.

न्यायाधिकरणाने हे मानले. २०२३ मध्ये रिझर्व्हिस्ट पेन्शन देण्याचा आदेश झाला. थकबाकी मात्र अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपासूनच.

तीन वर्षे

ही तीन वर्षांची मर्यादा २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून येते. तो सैनिक १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सुटला आणि १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की दर महिन्याला होणाऱ्या अन्यायात दावा उशिरा आला तरी ऐकावा, पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती द्यावी. तेव्हापासून पेन्शनच्या जवळपास प्रत्येक जुन्या प्रकरणात हीच मोजपट्टी लागते.

निकालामागचा विचार मला कळतो. माणूस वर्षानुवर्षे गप्प बसला तर सरकारवर अमर्याद बोजा पडू नये. पण आबांच्या बाबतीत पहिले पाऊल माणसाने टाकायचे नव्हते. पर्याय विचारायचे काम खात्याचे होते. ते पत्र पोचले का हे पाहायचे कामही खात्याचेच होते. १९७८ ते २०१९ ही एक्केचाळीस वर्षे त्यांनी गमावली, त्यात गिरणी बंद पडल्यानंतरची सगळी वर्षे येतात, मुलाचे शिक्षण दहावीत थांबले ते वर्षही येते. खात्याकडून पर्याय विचारलाच गेला नाही अशा रिझर्व्हिस्टांना तीन वर्षांची मोजपट्टी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मुद्दा वर न्यायचा का, हे आबांना विचारले. त्यांनी नको म्हटले. आणखी दोन-तीन वर्षे अडकायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांच्या वयाला तो निर्णय योग्यच होता.

दरम्यानच्या काळाबद्दलही सांगायला हवे. प्रकरण चालू असताना घर चालवायचे कसे? आबांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कधी झालीच नव्हती. ती करून घेतली आणि केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह अनुदानासाठी अर्ज केला. पासष्ट वर्षांवरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना हे अनुदान मिळते. तेव्हा ते दरमहा ४,००० रुपये होते; नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केले आहे. पेन्शन मंजूर झाली की ते थांबते. ते घेतल्याने पेन्शनचा दावा कमजोर होईल अशी भीती घरच्यांना एजंटाने घातली होती. तसे काही होत नाही.

प्रत्येकाला हा मार्ग खुला नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. ज्याने १५५ खाली पर्याय देऊन ग्रॅच्युइटी घेतली, त्याचा पर्याय अंतिम आहे. नौदलाचे चित्र वेगळे आहे: ३ जुलै १९७६ च्या आदेशाने खलाशांना फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणे बंद झाले, आणि टी. एस. दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले की जो रिझर्व्हमध्ये गेलाच नाही त्याला रिझर्व्हिस्ट पेन्शन मागता येत नाही. काहींना विशेष पेन्शनचा मार्ग तेवढा उरतो. ज्यांची पंधरा वर्षांना एक वर्षाच्या आतली तूट आहे त्यांच्यासाठी तूट माफीची वेगळी तरतूद आहे. डिस्चार्ज बुक न उघडता, नुसते तोंडी ऐकून, कुणालाही हो किंवा नाही सांगू नये.

आदेशानंतर

आदेश झाला म्हणजे पैसे आले असे नसते. आबांकडे संयुक्त खाते मागितले, पती-पत्नीचा एकत्र फोटो मागितला, पॅन मागितले, आणि नावातला फरक पुन्हा एकदा निघाला. न्यायाधिकरणाने नंबर आणि व्रणावरून ओळख मान्य केली होती, तरी संगणकाला आधारचे नाव आणि फौजेचे नाव एकच असावे लागत होते. रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्तीचे पत्र काढेपर्यंत फाईल प्रयागराजच्या पेन्शन मंजुरी कार्यालयाकडे पुढे सरकली नाही.

पीपीओ, म्हणजे पेन्शन अदा करण्याचा आदेश, २०२४ मध्ये निघाला. पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरून येते, त्याचा ओटीपी नातीच्या मोबाईलवर. दर किमान आहे. २०१६ पासून केंद्राच्या पेन्शनची किमान मूळ रक्कम ९,००० रुपये आहे, वर महागाई भत्ता. वन रँक वन पेन्शनमध्ये (एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच नोकरीला सारखी पेन्शन) रिझर्व्हिस्ट धरलेले नाहीत, त्यामुळे शेजारच्या निवृत्त हवालदाराच्या आकड्याशी तुलना करून कुणी निराश होऊ नये. तीन वर्षांची आणि मधल्या काळाची थकबाकी एकत्र जमा झाली. त्यातून आधी आजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले.

हयातीच्या दाखल्याला अडचण आली. बोटांचे ठसे मशीन घेईना, वयाने आणि कष्टाने रेषा गेलेल्या. तेव्हा जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर नातीने घरातूनच दाखला केला. ज्यांचे आजी-आजोबा या कारणासाठी बँकेत खेटे घालतात त्यांनी ही सोय वापरावी.

एक काम अजून बाकी आहे. आबांचे लग्न १९६८ मध्ये, रजेवर आले असताना झाले. फौजेच्या कागदांत त्याची नोंद होती की नाही हे आता कळायला मार्ग नाही, कारण ते कागद नाहीत. पीपीओवर आजींचे नाव नाही. नाव चढल्याशिवाय आबांच्या मागे त्यांच्या कुठल्याही हक्काचा विचारच सुरू होत नाही. गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला, लग्नाला हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे, रेशनकार्ड आणि दोघांचा फोटो असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला आहे. पोच आली आहे, उत्तर यायचे आहे. आजी विचारतात, तुमचं ते पुस्तक भिजलं नसतं तर माझं नाव त्यात असतं का? बुकातली कुटुंबाची नोंद ज्या पानावर असते ते पान फाटलेल्या दोन पानांपैकी एक आहे. त्याचे तुकडे आम्ही ठेवले आहेत. एका तुकड्यावर सालातला ‘६८’ दिसतो, आणि त्याची मोठी करून काढलेली प्रत अर्जाला जोडली आहे.